सोसायटीचे वीजबिल आणि आपण बायका



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. भाषणाची मला सवय नाही. परंतु आमच्या सोसायटीच्या वीजबिलाची वही मी लिहिते, म्हणून आज तुम्हीच बोला, असा तुम्हा सर्वांचा आग्रह झाला. चुकले तर सांभाळून घ्यावे.

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत बेताच्या मिळकतीच्या माणसांच्या इमारती रांगेने उभ्या आहेत. आमचीही तशीच. चार मजले, वीस बिऱ्हाडे, लिफ्ट नाही. पावसाळ्यात गच्ची गळते आणि वैशाखात वरचा मजला तव्यासारखा तापतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना निघाली. सोसायटीचे जिन्यातील दिवे, पाण्याचा पंप अशा सामायिक वापरासाठी गच्चीवर सौर संच बसविला, तर किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान, असे तीत ठरले. त्या पावसाळ्यात आमच्या सभेत ठराव आला. तीन किलोवॅटचा संच, अंदाजे खर्च १,८०,००० रुपये. प्रत्येक घराने महिन्याभरात ९,००० भरावे. न भरणाऱ्याचे नाव फळ्यावर लागेल.

दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या काकू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. पापड-कुरडया करून त्या संसार चालवितात. म्हणाल्या, "अगं, ते सूर्याचे पत्रे माझ्याच डोक्यावर बसणार आणि फळ्यावर नावही माझंच लागणार?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. सौर संच वाईट नव्हता. पैसे मागण्याची रीत वाईट होती.

त्या रात्री मी जुनी बिले काढून बसले. जिना, फाटक व वाहनतळ मिळून बारा जुन्या ट्यूब. ४० वॅटची एक, रोज बारा तास. म्हणजे महिन्याला सुमारे १७० युनिटे. त्याजागी ९ वॅटचे एलईडी दिवे लावले तर चाळीससुद्धा होत नाहीत. वरची टाकी भरून वाहत असे, कारण तिचा बॉलकॉक बिघडला होता. त्यापायी तीन हॉर्सपॉवरचा पंप रोज तासभर फुकट चाले. तीही महिन्याची ६५ युनिटे झाली. युनिटला दहा रुपये धरले, तरी महिना दोन हजार रुपये आपण जिन्यात आणि गटारात टाकीत होतो!

घर ह्यांच्या नावावर, म्हणून सभेत मत ह्यांचे. ह्यांनी माझी वही वाचून दाखविली. पुष्कळ वादावादी झाली, पण शेवटी ठराव बदलला. आधी दिवे आणि बॉलकॉक. वाचलेले पैसे निराळ्या खात्यात. दीड वर्षात ३६,००० रुपये साठले.

मध्यंतरी इमारतीची तपासणी करून घेतली. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीची तीन वर्षांतून एकदा तपासणी करावी, असे उपविधीच सांगतात. गच्चीची गळती दुरुस्ती निधीतून आधी बंद केली. संच पंचवीस वर्षे टिकावयाचा. त्याच्याखाली गळकी गच्ची ठेवून कसे चालेल?

आता हिशेब असा. १,८०,००० मधून अनुदानाचे ५४,००० आणि साठलेले ३६,००० वजा जाता ९०,००० राहतात. घरटी ४,५००, दरमहा ३०० रुपयांचे पंधरा हप्ते. अनुदान संच बसल्यावर मिळते, म्हणून तोवरची रक्कम सर्वसाधारण सभेच्या ठरावाने दुरुस्ती निधीतून उसनी घ्यावयाची. सिंकिंग फंडाला मात्र हात लावावयाचा नाही. तो इमारतीच्या म्हातारपणाची काठी आहे.

तीन किलोवॅटचा संच महिन्याला सरासरी साडेतीनशे युनिटे देतो. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात अधिक. दिवसा उरलेली वीज महावितरणकडे जाते आणि मीटर ती आपल्या नावे मांडतो. बिलातला स्थिर आकार राहतोच, हेही सांगितले पाहिजे. तरी साधारण तीन वर्षांत घातलेले पैसे सुटतात. शिवाय आपली बरीचशी वीज चंद्रपूर-कोराडीकडे कोळसा जाळून होते. एक युनिट वाचले की साधारण पाऊण किलो कार्बन वायू हवेत जात नाही. वरच्या मजल्याचा ताप वाढतो आहे, त्याला हा वायूही कारण आहे.

काकूंनी पहिला हप्ता भरला, तोही सर्वांच्या आधी. फळ्यावर कोणाचेच नाव लागले नाही.

भगिनींनो, माझे मागणे एवढेच. आपल्या सोसायटीचे बिल एकदा मागून घ्या आणि वाचा. सभेला नवऱ्याबरोबर जा. वर्गणी ठरताना, ती कोणाला झेपणार नाही, हे आपल्याला आधी ठाऊक असते, कारण दुपारी त्यांच्या घरी आपणच जातो. ते सभेत सांगणे आपले काम आहे.