निरंक
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मृत्यूच्या नोंदींविषयी बोलावे, हे आपणांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्हीही क्षणभर घुटमळलो. परंतु मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत २०२० आणि २०२१ या दोन वर्षांएवढे मोठे संकट दुसरे आले नसेल. त्या काळात राज्यकर्ते साथीविषयी जे बोलले ते वृत्तपत्रांनी पडताळून पाहिले, आणि त्या पडताळणीवरून मोठे वाद माजले. तो धुरळा आता खाली बसला आहे. म्हणून शांतपणे चार शब्द बोलावेत असे वाटले. आम्ही वैद्य नव्हे, पत्रकारही नव्हे. बी. ए. ची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि तीस वर्षे कागदांच्या सहवासात काढली. कागदावर ‘निरंक’ हा शब्द कसा उमटतो, एवढेच आम्हांला ठाऊक आहे.

प्रथम आपल्या चेन्नईचीच गोष्ट. २०२० च्या जून महिन्यात येथील वृत्तपत्रांनी दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक राज्याच्या आरोग्य खात्याची रोजची आकडेवारी, दुसरी चेन्नई महानगरपालिकेची मृत्यूनोंद. महापालिकेच्या वहीतील दोनशेहून अधिक मृत्यू राज्याच्या आकड्यांत नव्हते. सरकार म्हणाले, आम्हांला मृत्यू लपवण्याचे काही कारण नाही. विरोधी पक्ष म्हणाला, हीच लपवाछपवी. अखेर सरकारने ताळमेळासाठी समिती नेमली आणि २२ जुलै रोजी आधीचे ४४४ मृत्यू एकदम आकड्यांत मिळवले.

त्याच सुमारास मुंबईतही हेच घडले. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी सुमारे ९५० मृत्यू दडवल्याचा आरोप केला. आणि १६ जून २०२० रोजी राज्याने फेरतपासणीअंती मुंबईचे ८६२ व उर्वरित महाराष्ट्राचे ४६६, असे १,३२८ मृत्यू नव्याने दाखल केले.

एवढे आकडे गळतात तरी कसे? प्रत्येक वेळी त्यामागे कपटच असते असे नाही. मृत्यूचे कारण लिहिण्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात तात्कालिक कारण, त्यामागचे मूळ कारण आणि इतर सहायक विकार असे वेगवेगळे रकाने असतात. मूळ कारणाच्या जागी साथ न लिहिता कोणी मधुमेह लिहिला, कोणी हृदयविकार लिहिला, की तो मृत्यू साथीच्या हिशेबातून सुटतो. शिवाय रुग्णालय, महापालिका आणि राज्य यांचे कागद वेगवेगळ्या वाटांनी प्रवास करतात. वाटेत काही मागे राहतात. तेव्हा चूक होणे हा गुन्हा नव्हे. पण ती चूक कोणी दाखवून दिली की त्याला शत्रू समजायचे, ही वृत्ती मात्र घातक आहे. चेन्नईत वृत्तपत्रांनी ती दुसरी वही उघडली नसती, तर ते ४४४ जण कोणत्या हिशेबात राहिले असते?

आता दुसरे उदाहरण. ते अधिक अवघड आहे. २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत प्रश्न आला: दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी मोठ्या प्रमाणात रुग्ण दगावले काय? उत्तर दिले आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी. त्या नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीच्या खासदार होत्या आणि मंत्रिपदावर येऊन त्यांना दोन आठवडेही झाले नव्हते. उत्तराचा आशय असा, की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यूंची माहिती राज्ये कळवतात, आणि ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी विशेषत्वाने कळवलेले नाही.

दुसऱ्या दिवशी अनेक मथळे असे होते, की ऑक्सिजनअभावी एकही मृत्यू झाला नाही, असे सरकार म्हणते. सरकारपक्ष संतापला: आम्ही ‘कळवलेले नाही’ म्हणालो, ‘झाले नाहीत’ असे म्हणालो नाही. विरोधकांनी हे धादांत असत्य ठरवले. पडताळणी करणाऱ्यांतही दोन तट पडले. आमच्या मते मथळे देणारे चुकले. वाक्यातले मुख्य क्रियापदच त्यांनी गाळले. पण क्रियापद परत जागेवर ठेवल्याने प्रश्न सुटतो काय? मंत्र्यांच्याच जिल्ह्यात, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात, २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीतून गळती होऊन ऑक्सिजनचा पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्ण तडफडून गेले. गोव्यात ११ मेच्या पहाटे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २६ रुग्ण दगावले. तेव्हा चौकशीची मागणी खुद्द राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीच केली. आपल्या शेजारच्या चेंगलपट्टूत मे महिन्याच्या प्रारंभी एका रात्रीत दहाहून अधिक रुग्ण गेले. ऑक्सिजन कमी पडला असे नातेवाईक म्हणत होते, तसे नाही असे अधिकारी म्हणत होते. हे सारे देश जाणत होता. केवळ रकान्यात ते नव्हते.

धर्मराजाचे ‘नरो वा कुंजरो वा’ आपण लहानपणापासून ऐकत आलो. धर्मराज असत्य बोलला नव्हता. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. तरीही जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या दिवशी खाली टेकला. व्यासांना जे कळले होते, ते आजच्या पडताळणीलाही कळले पाहिजे. वाक्य खरे आहे की खोटे, एवढे पाहून भागत नाही. ते वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटावे म्हणून योजले आहे आणि त्यामागचा रकाना रिकामा का राहिला, हेही पाहावे लागते.

हा उपदेश दुसऱ्यांना करण्यापूर्वी आम्हांला आमचा रथ कोठे टेकला, हे सांगितले पाहिजे. २०२१ च्या मे महिन्यात आमच्या हाताखालचे एक तमिळ सहकारी तपासणीचा अहवाल येण्यापूर्वीच वारले. प्रमाणपत्रावर न्यूमोनिया लिहिले होते. त्याच आठवड्यात साथीने मृत झालेल्या कर्मचाऱ्यांची संख्या वरून मागवण्यात आली. आम्ही ‘निरंक’ लिहून सही केली. दोन दिवसांनी अहवाल आला. त्यांना साथीची बाधा होती. पत्रक गेलेले होते. आम्ही ते तसेच राहू दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर साथीच्या मृतांच्या वारसांना पन्नास हजार रुपये मिळू लागले, तेव्हा त्या सहकाऱ्याच्या पत्नी कागदपत्रांसाठी कार्यालयात आल्या. फाइल चाळताना ते पत्रक वर आले. त्यांनी ते वाचले आणि तमिळमध्ये एवढेच विचारले, “सार, मग माझे यजमान कशाने गेले?”

आम्हांला उत्तर देता आले नाही. आम्ही खोटे लिहिले नव्हते. सही केली त्या दिवशी ते खरेच होते. त्या दुपारी आम्ही सुधारित पत्रक पाठवले. सहा महिने उशिरा. आम्हांला वाटत होते, वरून ठपका येईल. आली ती केवळ पोच.

म्हणूनच पुढच्या वादाकडे आम्ही सेवक म्हणूनही पाहिले. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली. केंद्राच्या कामकाजाविषयीचा कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा, हे केंद्राचाच पडताळणी कक्ष ठरवणार होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली. २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. कायद्याची मीमांसा विद्वानांनी करावी. आम्हांला एवढेच दिसते, की ज्याने रकाना भरला त्यानेच तो तपासावा, ही व्यवस्था आमच्या पत्रकापुरती तरी निरुपयोगी ठरली असती. आम्ही ते दहा वेळा तपासले असते आणि दहाही वेळा बरोबर ठरवले असते. ते चूक ठरले, कारण एका बाईने ते बाहेरून वाचले.

वृत्तपत्रांनाही आमची एक विनंती आहे. घाईचा मथळा हाही एक प्रकारचा ‘निरंक’च आहे. पडताळणारा एका बाजूला झुकला, की राज्यकर्त्याला पळवाट सापडते. खुर्च्या बदलल्या की वाक्यांची अदलाबदल होते, हे या दोन वर्षांत आपण मुंबईत, दिल्लीत आणि येथेही पाहिले. पडताळणाऱ्याने खुर्चीकडे न पाहता वहीकडे पाहावे.

आपणा दाक्षिणात्य मराठ्यांना यासाठी आदर्श दूर शोधावा लागत नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजे दुसरे यांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसह आजही जपलेली आहेत. रुग्णाला काय झाले आणि त्यावर काय केले, हे दोनशे वर्षांनंतर आपण वाचू शकतो. आपल्या काळाच्या नोंदी दोनशे वर्षांनी कोणी उघडल्या, तर त्यांत माणसे सापडावीत, निरंक सापडू नये, एवढीच इच्छा.