विचारपूस



व्याख्यानमालेच्या चिटणीसांना आम्ही आमचा विषय कळवला, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. "वसंतात हा विषय?" असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला होता. पण ते सुजाण गृहस्थ. त्यांनी नकार दिला नाही. त्यांचा संकोच आम्हांला समजतो. आत्महत्या हा शब्द चारचौघांत उच्चारू नये असा आपला संकेत आहे. आणि ज्या विषादातून ती पुष्कळदा उद्भवते, त्याला तर आपण धड नावही देत नाही. 'जरा डोक्याला ताप आहे', 'हल्ली कामाचा कंटाळा करतो', 'स्वभावच एकलकोंडा' अशी पांघरुणे आपण त्यावर घालतो. आज ते पांघरूण थोडे बाजूला सारावे, एवढाच आमचा हेतू आहे.

आपल्या भाषेत 'विचारपूस' असा एक फार चांगला शब्द आहे. आळीत कुणाचा पाय मोडला, तर सगळी आळी त्याच्या उशाशी जमते. कुणी मऊभाताचा डबा आणतो, कुणी हाडवैद्याचा पत्ता सांगतो, कुणी नुसताच तासभर बसून जातो. परंतु त्याच घरातला कर्ता पुरुष महिना-दोन महिने रात्र रात्र जागा असतो, ताटावरून अर्धपोटी उठतो, दाराशी आलेल्या माणसाला टाळतो. त्याची विचारपूस कोण करतो? 'बरे आहे ना?' असे आपण विचारतो खरे. पण उत्तर ऐकायला थांबत नाही. तोही सवयीने 'बरे चालले आहे' म्हणतो, आणि दोघेही सुटतात.

प्रथम हा आजार आहे तरी काय, ते पाहू. दुःख सर्वांनाच होते. माणूस गेला, नोकरी गेली, पीक बुडाले, तर मन खचणारच. आणि काळाबरोबर ते सावरतेही. नैराश्याचा आजार याहून वेगळा आहे. बहुतेक सारा दिवस, दिवसामागून दिवस, निदान दोन आठवडे मन काळवंडलेले राहते. पूर्वी ज्यात गोडी होती त्यात ती उरत नाही. झोप उडते किंवा अतोनात येते. भूक मरते. साधा निर्णय घेववत नाही. 'आपण निरुपयोगी आहोत, घरच्यांना ओझे आहोत' असे वाटू लागते. आपल्याकडे तर पुष्कळांचे मन शरीराच्या तोंडून बोलते. पाठ दुखते, डोके जड होते, अंगात त्राण राहत नाही. तपासण्या होतात आणि त्यांत काही सापडत नाही. अशा माणसाला 'तुला काही झालेले नाही' असे सांगणे म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखे आहे.

हे किती लोकांना होते? २०१५-१६ साली आपल्या देशात जी राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली, तिचा निष्कर्ष असा की, वीस माणसांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा या आजाराने गाठलेले असते. आणि अशा शंभर रुग्णांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांना कसलाही उपचार मिळत नाही. या सभागृहात किती माणसे बसली आहेत, त्यावरून आपणच हिशेब करावा. सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ साली भारतात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांत महाराष्ट्राचा आकडा २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. दर दहा जणांत सात पुरुष. 'पुरुषाने रडू नये' ही शिकवण आपल्याला किती महाग पडते, हे या आकड्यावरून थोडेफार ध्यानात यावे. आत्महत्येला एकच एक कारण नसते. कर्ज, व्यसन, घरातला छळ, दुखणे, अपमान अशा कित्येक गोष्टी एकत्र येतात. पण नैराश्य हा त्यांतला असा धागा आहे की, ज्यावर उपाय आहे.

आता काही लोक म्हणतील, हे नवे खूळ आहे. आमच्या वाडवडिलांना असले आजार नव्हते. त्यांना आम्ही नम्रपणे गीतेचा पहिला अध्याय उघडायला सांगू. त्याचे नावच अर्जुनविषादयोग. त्या काळचा सर्वश्रेष्ठ धनुर्धर हातपाय गळून रथात बसतो. तोंडाला कोरड पडते, मन भ्रमते, धनुष्य हातातून निसटते. त्याला कुणी भेकड म्हटले नाही. आणखी एक गोष्ट पाहा. पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण जवळजवळ काहीच बोलत नाहीत. अर्जुन बोलतो आणि ते ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याला दुबळेपणा सोडायला सांगून खडसावतात. त्या खडसावण्याचा परिणाम काय होतो? काहीच नाही. अर्जुन पुन्हा तेच म्हणतो आणि गप्प बसतो. खरा संवाद सुरू होतो तो त्यानंतर, आणि तो पुढे सतरा अध्याय चालतो. प्रत्यक्ष भगवंताच्या तोंडची 'ऊठ, कामाला लाग' ही आज्ञा जिथे पुरी पडली नाही, तिथे तुमची-आमची काय पुरी पडणार?

दुसरी समजूत अशी की, ज्याला माया करणारी माणसे आहेत त्याला हा धोका नाही. १९५० सालच्या जून महिन्यात साने गुरुजींनी आत्महत्या केली. साऱ्या महाराष्ट्राला त्यांनी प्रेम दिले होते आणि महाराष्ट्रानेही त्यांच्यावर प्रेम केले होते. त्यांच्या मनात काय होते याचे तर्क आपण करू नयेत. तो अधिकार आपल्याला नाही. परंतु एवढे निश्चित की, भोवती माया असली म्हणजे आतली वेदना कळतेच असे नाही. मायेलाही विचारावे लागते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आम्ही हयात शिक्षकी पेशात घालवली. आमचे एक सहकारी होते. नाव सांगण्याचे कारण नाही. गणित उत्तम शिकवीत. संध्याकाळी बरोबर फिरायला येत. एका वर्षी त्यांनी फिरायला येणे सोडले. दाढीचे खुंट वाढू लागले, वर्गात ते मध्येच थांबू लागले. आम्ही म्हटले, वयाचा परिणाम. मग एका संध्याकाळी ते आमच्या बिऱ्हाडी आले. कित्येक वर्षांपूर्वी नेलेली दोन पुस्तके त्यांनी परत केली, चहाच्या वर्गणीचे राहिलेले काही रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मागे काही राहू नये." चेहरा कित्येक महिन्यांनी शांत दिसत होता. आम्हांला आनंद झाला. "आता बरे वाटतेय तर!" असे आम्ही म्हटले. चहा संपला तरी ते थोडा वेळ बसून होते. काही बोलायचे असावे. आम्ही वेळापत्रकाच्या गोष्टी काढल्या. चौथ्या दिवशी ती बातमी आली.

तो एक प्रश्न आम्ही विचारला असता तर ते वाचले असते, असे आम्ही म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. ज्या घरावर असा प्रसंग आला आहे, त्या घराला दोष देण्यासारखे पाप नाही. पण तो प्रश्न आम्ही विचारला नाही, हे खरे. आणि का विचारला नाही? अज्ञान होते, तशी भीतीही होती. अशी गोष्ट बोलून दाखवली तर जे मनात नाही ते मनात भरेल, ही ती भीती. ती निराधार आहे. या विषयाच्या अभ्यासकांनी हे वारंवार तपासून पाहिले आहे. सरळ विचारल्याने तो विचार कुणाच्या मनात पेरला जात नाही; उलट ज्याच्या मनात तो आहे, त्याला बोलायला वाट मिळते, आणि पुष्कळदा सुटल्यासारखे वाटते.

मग विचारायचे कसे? साध्या मराठीत. एकांतात, वेळ काढून, शेजारी बसून. 'गेले काही दिवस तुमचे मन ठिकाणावर दिसत नाही. फार जड झाले आहे का? जगू नये असे वाटते का? जीव देण्याचा विचार मनात येतो का?' एवढेच. उत्तर आले की दचकू नये. 'असे बोलू नये', 'मुलांकडे बघ', 'तुला काय कमी आहे' ही तीन वाक्ये गिळून टाकावीत. ऐकावे. गुप्ततेची शपथ घेऊ नये, कारण मदतीला आणखी एखादे माणूस घ्यावे लागेल. त्या माणसाला एकटे सोडू नये, आणि स्वतः बरोबर जाऊन त्याला डॉक्टरांकडे न्यावे. औषधांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. तोवर धीर धरावा, आणि बरे वाटू लागले म्हणून ती मध्येच सोडू नयेत. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक आहे. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ही विनामूल्य सेवा सुरू केली; ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आपण पंचांगाच्या पानावर लिहून ठेवावा.

यात वेळेचे महत्त्व फार आहे. जीव द्यावा असे वाटण्याची तीव्र घटका पुष्कळदा काही तासांत ओसरते, आणि त्यातून वाचलेली बहुसंख्य माणसे पुढे आपले आयुष्य जगतात. म्हणून त्या घटकेला घातक वस्तू हाताशी नसणे, यानेही जीव वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. १९९५ नंतरच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण दोन-तृतीयांशाहून अधिक खाली आले. शेती तशीच चालली, माणसे वाचली. आपल्यापैकी ज्यांची शेती गावाकडे आहे, त्यांनी फवारणीची औषधे राहत्या घरात न ठेवता कुलुपात, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवण्याची व्यवस्था करावी.

'हे काम तज्ज्ञांचे, आम्ही सामान्य माणसे काय करणार?' असे कुणी म्हणेल. तज्ज्ञ हवेतच, पण आपल्या देशात ते फार थोडे आहेत. आणि सामान्य माणसे काय करू शकतात याची उदाहरणे आहेत. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हॅरा नावाच्या धर्मोपदेशकाने खचलेल्या माणसांसाठी एक दूरध्वनी ठेवला. भेटीसाठी थांबलेल्यांना चहा देऊन चार शब्द बोलणारे स्वयंसेवकच पुष्कळांना पुरेसे होतात, असे त्याच्या ध्यानात आले. त्यातून 'समॅरिटन्स' ही संस्था वाढली. इतके दूर कशाला? गोव्यात आरोग्य केंद्रांमधून, ज्यांनी या विषयाचे शिक्षण पूर्वी घेतलेले नव्हते अशा लोकांना तयार केले गेले. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाला त्याची सुटलेली कामे आणि सुटलेली माणसे पुन्हा धरायला मदत करीत. त्याचा गुण येतो असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. अमरावती जिल्ह्यात तीस खेड्यांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. आरंभी नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षात ती संख्या सत्तावीसवर गेली. घरोघर जाऊन बोलणारी माणसे होती, म्हणून हे घडले.

एक भीती कायद्याची. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, म्हणून इस्पितळात न्यायलाही लोक कचरत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे कायदा आता गृहीत धरतो, आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकतो. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने ३०९ कलम राहिलेले नाही. तेव्हा चौकीच्या भीतीने कुणी क्षणाचाही उशीर करू नये.

आता थोड्याच दिवसांत परीक्षांचे निकाल लागतील. ज्या घरी पेढे वाटले जातील तिथे आपण जाऊच. ज्या घरी दार लोटलेले असेल, तिथेही जावे. गुण विचारू नयेत; मुलाजवळ बसावे.

शेवटी दोन शब्द, आज या सभेत जे कुणी स्वतःच हे ओझे घेऊन बसले आहेत त्यांच्यासाठी. तुम्ही दुबळे नाही, आणि कुणाला जड झालेले नाही. तसे जे वाटते ते आजार बोलतो आहे. तो बरा होतो. आज घरी जाण्यापूर्वी एका माणसाला सांगा. आम्ही सभा संपल्यावर मागच्या दाराजवळच्या बाकावर बसणार आहोत. आम्हांला घाई नाही.