दहिवर, थंडीची लाट आणि गावची नोंदवही

(निफाड तालुक्यातील शिक्षक, द्राक्षबागायतदार आणि हौशी हवामान-नोंदकर्ते यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांतून एक बातमी जवळजवळ नेमाने येत असते. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या परिसरात ‘हिमकण’ पडल्याची ती बातमी. सोबत छायाचित्र असते : नौकाविहाराच्या धक्क्याच्या फळ्यांवर, उभ्या मोटारींच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पसरलेला पांढरा थर. त्याच दिवशीचा वेधशाळेचा आकडा पाहावा, तर तो बहुधा शून्याच्या पुष्कळ वर असतो. वाचक गोंधळतो. बर्फ दिसते आहे आणि तापमापक आठ-दहा अंश सांगतो आहे, मग खरे कोणाचे मानावे?

खरे दोघांचेही आहे. ते कसे, हे नीट उलगडले म्हणजे आपल्या द्राक्षबागांशी या प्रश्नाचा किती जवळचा संबंध आहे, हेही आपोआप ध्यानात येईल.

वेधशाळेतील तापमापक उघड्यावर टांगलेला नसतो. झिलमिली असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर तो ठेवलेला असतो. या पेटीला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. ती योजणारे थॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहे बांधणारे अभियंते. सुप्रसिद्ध कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे ते वडील. ऊन, पाऊस आणि जमिनीची धग यांचा थेट परिणाम टाळून निव्वळ हवेचे तापमान मोजणे, हे या पेटीचे काम. मुंबईची हवा नागपूरच्या हवेशी ताडून पाहावयाची, तर मोजण्याची रीत सर्वत्र एकच हवी आणि ती या पेटीने दिली. परंतु स्ट्रॉबेरीचे रोप सव्वा मीटर उंचीवर वाढत नाही. ते जमिनीला बिलगून असते, आणि निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची थंडी ही पेटीतल्या थंडीहून वेगळीच चीज असते.

दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडीत राहते. वर ढग असले की ते गोधडीसारखे काम करतात. आकाश निरभ्र असले, हवा कोरडी असली आणि वारा पडलेला असला, म्हणजे ही उष्णता विनाअडथळा निघून जाते. गवताचे पाते, मोटारीचा पत्रा, लाकडी फळी या वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक थंड होतात. त्यांना टेकलेली हवा गार व जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी वाहत सखल जागी साचते. तलावाचा काठ, ओढ्याची घळ, बांधाच्या आतला खोलगट तुकडा ही तिची विसाव्याची ठिकाणे. तेथे पात्याचे तापमान शून्याखाली उतरले, की पडलेले दव गोठते किंवा हवेतील बाष्प पाणी न होता थेट बर्फाच्या स्फटिकांच्या रूपाने पात्यावर बसते. शालेय भूगोलात याच पांढऱ्या थराला आपण दहिवर म्हणतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील डाब आणि तोरणमाळ या भागांतूनही अशा पहाटेच्या वार्ता येतात.

तेव्हा महाबळेश्वरी जे दिसते ते आकाशातून पडलेले हिम नव्हे. ते जागच्या जागी जमलेले दहिवर होय. पर्यटकांचा आनंद हिरावून घेण्याचा माझा हेतू नाही; मात्र नोंद करणाऱ्याने दोन्हींना एकच नाव देऊ नये.

मग आपल्याकडे खरेखुरे हिम का पडत नाही? केवळ थंडी कमी पडते म्हणून, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ते अपुरे आहे. हिमवृष्टीला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात : थंडी आणि बाष्पाने भरलेले ढग. महाराष्ट्रात हिवाळ्यातील कडाक्याच्या रात्री कोरड्या आणि निरभ्र असतात. ढग आले की त्याच ढगांमुळे रात्र उबदार होते. थंडी असते तेव्हा ढग नसतात आणि ढग असतात तेव्हा थंडी नसते. उरल्या गारा. त्याही बर्फाच्याच, परंतु त्यांची जन्मकथा निराळी आहे. गडगडाटी ढगांतील जोरकस ऊर्ध्वगामी प्रवाहात पाण्याचे थेंब उंच जाऊन गोठतात आणि थरावर थर चढून त्यांची गार होते. त्यासाठी जमिनीवर थंडी असावीच लागते असे नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात झालेल्या गारपिटीने उभी पिके आणि फळबागा कशा झोडपल्या, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. गारांचा खच पडलेल्या शेताचे चित्र काश्मीरसारखे दिसते खरे, पण ते हिम नव्हे.

याच्या उलट उदाहरण म्हणून अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर घेऊ. हे शहर जवळजवळ समुद्रसपाटीला असून त्याचा अक्षांश सुमारे ३० अंश, म्हणजे साधारणपणे आपल्या चंदीगढच्या आसपासचा आहे. २१ जानेवारी २०२५ रोजी तेथील विमानतळावर ८ इंच हिम पडले. उत्तर ध्रुवाकडील अतिथंड हवा विस्तीर्ण सपाट मैदानांवरून अडथळ्याविना दक्षिणेस आली आणि मेक्सिकोच्या आखातावरील बाष्प त्या थंड हवेवर चढले. थंडी आणि ओल यांची गाठ पडली. त्या दिवशी लुइझियानातील लेक चार्ल्स येथील हवामान कार्यालयाला आपल्या इतिहासात प्रथमच हिमवादळाचा इशारा द्यावा लागला. आपल्या उत्तरेस हिमालय उभा आहे. मध्य आशियातील शीत हवेचा मोठा भाग तो पलीकडेच थोपवितो, म्हणून त्याच अक्षांशावरील आपल्या मैदानांत असे दृश्य दिसत नाही.

त्या देशातील एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. तेथे १८९० पासून स्वयंसेवी निरीक्षकांची शासकीय व्यवस्था चालत आली आहे. शेतकरी, शिक्षक, निवृत्त मंडळी रोज ठरलेल्या वेळी पाऊस आणि तापमान नोंदवितात. १९९७ च्या जुलैत कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स गावात पूर आला. गावाच्या एका अंगाला पाऊस प्रचंड, तर दुसऱ्या अंगाला बेताचा, असा प्रकार होता. या अनुभवानंतर १९९८ मध्ये घरोघरच्या पर्जन्यमापकांचे आणखी एक स्वयंसेवी जाळे तेथे सुरू झाले. हिम मोजण्यासाठी हे निरीक्षक मोकळ्या जागी एक पांढरी फळी ठेवतात. तीवर पडलेल्या थराची उंची मोजपट्टीने घेतात, नंतर ते हिम वितळवून त्याचे पाणी मोजतात. क्वचित हिम पडणाऱ्या प्रदेशात अशी नोंद मोलाची ठरते, कारण दुपारपर्यंत पुरावा वितळून गेलेला असतो. आपले दहिवर तर सूर्य हातभर वर येताच नाहीसे होते.

आता आपल्याकडील थंडी येते कशी, ते पाहू. भूमध्य समुद्र, कॅस्पियन समुद्र या बाजूंनी निघणारे कमी दाबाचे आवर्त इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयापर्यंत येतात. हवामानशास्त्रात त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्यांच्यामुळे पर्वतांवर हिम आणि पंजाब-हरियाणात रब्बीला उपयुक्त पाऊस पडतो. विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या पिछाडीने उत्तरेचे थंड, कोरडे वारे खाली उतरतात. थंड आणि उबदार हवेच्या सीमेला ‘आघाडी’ हे नाव नॉर्वेतील बर्गेन येथे बियर्कनेस पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दिले; रणांगणावरील आघाड्यांवरून ते सुचले. युरोपात ही आघाडी ठळक रेषेसारखी ओळखू येते. महाराष्ट्रात पोहोचेपर्यंत ती विरलेली असते, तथापि तिच्या खुणा सावध निरीक्षकाला दिसतात. आधी आकाशात उंचावर पातळ ढग येतात, रात्रीचा गारवा कमी होतो आणि लोक म्हणतात, थंडी गेली. मग वारा फिरून उत्तरेचा होतो, आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते, हवा कोरडी पडते आणि एक-दोन रात्रींत पारा कोसळतो. थंडी गेली असे वाटते तीच वेळ बागायतदाराने सावध होण्याची.

पारा किती कोसळू शकतो, याचे काही आकडे सांगतो. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. समुद्राच्या कुशीतल्या मुंबईत सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर आला. त्या महिन्यात आपल्या तालुक्यातही थंडीने काय केले, ते आपणांस स्मरत असेल. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंदीमुळे निफाडचे नाव दर हिवाळ्यात राज्यभर वाचले जाते. मात्र शास्त्रीय परिभाषेत प्रत्येक थंड रात्र ही लाट नव्हे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असून ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, किंवा पारा थेट ४ अंशांवर वा त्याखाली गेला असेल, तर भारतीय हवामान विभाग थंडीची लाट जाहीर करतो.

गव्हाला थंडी मानवते. थंडी चांगली पडली की गव्हाचा शेतकरी खूष आणि शेजारचा द्राक्षवाला चिंतातुर, असे चित्र एकाच बांधाच्या दोन अंगांना दिसते. द्राक्षवेल थंडीत जणू झोपी जाते. मुळांचे काम मंदावते, मण्यांची फुगवण थांबते. पाणी उतरण्याच्या अवस्थेत रात्र फार थंड आणि दिवस उबदार असला, की मण्यांना तडे जाण्याचा धोका वाढतो. हिरव्या वाणांत मणी गुलाबी पडतात आणि निर्यातीसाठी तो माल नाकारला जातो. वर्षभराचा खर्च झालेला असतो, घड वेलीवर असतात आणि पाच-सहा रात्रींत हिशेब फिरतो.

म्हणूनच पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. याविषयी थोडे स्पष्ट बोलतो. पुष्कळांचा भर धुरावर असतो. ओला पाला टाकून धूर दाट करण्याकडे कल असतो. जमिनीतून निघून जाणारी उष्णता धूर फारशी अडवीत नाही. उपयोग होतो तो आगीच्या उबेचा आणि त्या उबेने हवा ढवळली जाण्याचा. त्यामुळे एक मोठा जाळ करण्यापेक्षा बागेत विखुरलेल्या अनेक लहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते. त्याहून सोपा उपाय पाण्याचा. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते आणि रात्री ती सावकाश सोडते. शिवाय विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते. परंतु हे सारे कोणत्या रात्री करावयाचे? रोज करणे परवडत नाही आणि एक रात्र चुकली तर भरपाई होत नाही.

येथे गावच्या नोंदीचा प्रश्न येतो. शासनाच्या महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. फळपिकांच्या हवामानावर आधारित विम्यात नुकसानभरपाई ठरते ती अशा संदर्भ केंद्रांच्या आकड्यांवरून. पूर्वीच्या मानाने हे जाळे फार दाट आहे. तरीही एका मंडळात अनेक गावे असतात, आणि गोदाकाठची सखल बाग व माळावरची बाग यांच्या पहाटेच्या तापमानात काही अंशांचा फरक पडू शकतो. तुमच्या नोंदवहीवर विमा मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मात्र केंद्राचा आकडा सहा असला की आपल्या खोलगट बागेत किती असतो, हे दोन-तीन हिवाळ्यांच्या नोंदींवरून कळले, तर अंदाज ऐकताक्षणी त्या रात्री जागावयाचे की नाही, हे ठरविता येईल. नवी बाग कोठे लावू नये, हेही त्याच वहीतून समजेल.

शाळांनी हे काम जरूर घ्यावे. किमान तापमापक, सावली व मोकळी हवा देणारी पेटी आणि वही, इतके साहित्य पुरे. पेटीचे दार उत्तरेकडे असावे, म्हणजे उघडताना ऊन आत येत नाही. भिंतीला किंवा पत्र्याच्या छपराखाली तापमापक टांगू नये. वाचन रोज सकाळी साडेआठला घ्यावे. हवामान विभागाची वेळ तीच आहे. दुसरा तापमापक गवताच्या शेंड्याइतक्या उंचीवर उघड्यावर ठेवता आला, तर पेटी आणि पाते यांतील फरक मुलांना प्रत्यक्ष दिसेल. मात्र ऊन लागण्यापूर्वी तो वाचून उचलावा. आकड्याशेजारी आकाश निरभ्र की ढगाळ, वारा कोणत्या दिशेचा, दव होते की दहिवर, एवढे चार शब्द लिहावेत. सुटीच्या दिवशी वाचन राहिले तर तेथे रेघ मारावी, आजूबाजूचे आकडे पाहून अदमासे भरू नये. सहदेव-भाडळीच्या काळापासून आपल्याकडे आकाश वाचणारी माणसे आहेत. त्यांच्या हाती आता वही हवी.

किमान तापमापकात मद्यार्क असतो आणि त्यात एक बारीक दर्शक-काडी असते. मद्यार्क मागे सरताना तो काडीला बरोबर नेतो, पुढे येताना तिला तेथेच सोडतो. म्हणून काडीचे बल्बपासून दूर असलेले टोक वाचावयाचे. वाचन झाल्यावर बल्ब वर करून काडी मद्यार्काच्या कडेशी आणली नाही, तर दुसऱ्या दिवशीही कालचाच आकडा मिळण्याचा संभव असतो. दोन तापमापक येथे मेजावर ठेवले आहेत. ज्यांना काडी कशी बसवावयाची हे पाहावयाचे असेल, त्यांनी पुढे यावे.