पाचगणीचा फ्रेडी आणि दोन प्रकारचे मौन

(सांगली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचे नाव कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात निघावे, याचे अनेकांना नवल वाटेल. रॉक संगीताविषयी आपल्याकडे दोन मते ठरून गेलेली आहेत. एका मताने तो सुखवस्तू घरांतील मुलांचा धिंगाणा होय. दुसऱ्या मताने ते प्रस्थापितांविरुद्ध तरुणांनी पुकारलेले बंड होय. दोन्ही मते सोयीची आहेत, कारण दोहोंमुळे अभ्यासाचे कष्ट वाचतात. क्वीनच्या वाटचालीकडे नीट पाहिले तर तिच्यातून एक असा प्रश्न उभा राहतो की, ज्याच्याशी सार्वजनिक कामात पडलेल्या प्रत्येकाची कधी ना कधी गाठ पडतेच. तो प्रश्न मौनाचा आहे. माणसे केव्हा गप्प बसतात, कोणाच्या धाकाने बसतात, आणि त्या गप्प बसण्याची किंमत कोण मोजतो?

या कहाणीचा आरंभ सातारा जिल्ह्यात आहे. क्वीनचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला ठाऊक झाला. त्याचे मूळ नाव फारोख बुलसारा. बुलसर, म्हणजे आजचे वलसाड, या गावावरून पडलेले हे पारशी आडनाव. त्याचा जन्म 5 सप्टेंबर 1946 रोजी झांजीबार बेटावर झाला. वडील तेथे ब्रिटिश वसाहतीच्या सरकारी नोकरीत रोखपाल होते. मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर त्याला शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडण्यात आले. आईबापांपासून हजारो मैल दूर, टेबललँडच्या सावलीतल्या वसतिगृहात त्याचे बालपण गेले. ‘फ्रेडी’ हे नावही त्याला तेथेच मिळाले. शाळेत तो पियानो शिकला आणि 1958 च्या सुमारास चार सोबत्यांसह त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा छोटा वाद्यवृंद उभारला. शाळेच्या समारंभांत ही मुले त्या काळची गाजलेली रॉक अँड रोल गीते वाजवीत. विशेष असे की, पुढे ज्याच्या आवाजाने लाखोंचे मेळावे भारले जाणार होते, तो या पहिल्या वाद्यवृंदात मुख्य गायक नव्हताच. तो पियानोवर असे.

1963 साली तो झांजीबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी 1964 मध्ये, तेथे क्रांती होऊन सुलतानाची सत्ता उलथली. रक्तपात झाला आणि अनेक हिंदी व अरब कुटुंबांना बेट सोडावे लागले. बुलसारा कुटुंब लंडनच्या पश्चिमेस फेल्टम येथे जाऊन राहिले. फ्रेडीने ईलिंगच्या कलाशाळेत चित्रकलेचे व आरेखनाचे शिक्षण घेतले आणि मधल्या काळात हीथ्रो विमानतळावर सामान उचलण्याचे कामही केले. 1970 साली ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासमवेत क्वीनची स्थापना झाली; 1971 साली जॉन डीकन येऊन मिळाला आणि चौकडी पुरी झाली. वाद्यवृंदाचे मानचिन्ह फ्रेडीनेच चितारले. चौघांच्या राशींची प्रतीके त्यात गुंफलेली आहेत.

हे चौघे शिकलेसवरलेले होते. मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी. अर्धवट सोडलेला प्रबंध त्याने पुढे 2007 साली पुरा करून डॉक्टरेट मिळविली. आपली गिटार त्याने 1963 पासून वडिलांच्या मदतीने घरीच घडविली होती. तिच्यासाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड आणि जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा वापरल्या होत्या. ज्या मिरजेत भोपळ्यातून तंबोरा घडविणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले, त्या मिरजेच्या शेजाऱ्यांना या गिटारीचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

1975 साली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे फ्रेडीचे गीत निघाले. त्याची लांबी 5 मिनिटे 55 सेकंद होती. इतके लांब गाणे रेडिओवर कोणी लावणार नाही, असे जाणकारांचे मत पडले. प्रत्यक्षात ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला टेलरचे गाणे होते. खप झाला पहिल्या बाजूमुळे, परंतु मानधन दोन्ही बाजूंच्या कर्त्यांना सारखेच मिळाले, आणि त्यावरून कुरबूर झाली. असे तंटे पुढेही होत राहिले. अखेर 1989 च्या संग्रहापासून चौघांनी ठरविले की, गीत कोणीही रचो, कर्ता म्हणून नाव क्वीनचेच लागेल. श्रमाचे श्रेय सामुदायिक मानल्यावर तंटा मिटतो, हे त्यांना एकोणीस वर्षांनी उमगले.

येथवरची हकीकत यशाची आहे. आता त्या यशातील पहिल्या मौनाकडे वळले पाहिजे.

1984 च्या ऑक्टोबरात क्वीनने दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे कार्यक्रम केले. सन सिटी हे जुगारगृहे, हॉटेले आणि नाट्यगृहे यांचे विलासी संकुल. ते बोफुथात्स्वाना या तथाकथित स्वतंत्र राज्यात वसविलेले होते. कृष्णवर्णीयांना आपल्याच देशाच्या नागरिकत्वाला पारखे करण्यासाठी गोऱ्या राजवटीने 1977 साली निर्माण केलेले हे बाहुले राज्य. दक्षिण आफ्रिका आणि तिचीच तशी अन्य निर्मिती सोडल्यास जगातील एकाही देशाने त्याला मान्यता दिली नाही. तेथे कला सादर करणे म्हणजे त्या बनावाला प्रतिष्ठा देणे होते. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1980 साली सांस्कृतिक बहिष्काराचे आवाहन केले होते. ब्रिटिश संगीतकारांच्या कामगार संघटनेचीही तेथे जाण्यास मनाई होती.

क्वीनने ही मनाई मोडली. संघटनेने त्यांना दंड केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव लागले. त्यांचा बचाव असा होता की, आम्ही राजकारण करीत नाही. जो ऐकेल त्याच्यासाठी गातो. तेथील कर्णबधिर व अंध मुलांच्या शाळेला त्यांनी मदत केली, हेही नोंदविले पाहिजे. तेथे गाणारे ते एकटे नव्हते. त्यांच्याआधी फ्रँक सिनात्रा आणि एल्टन जॉनही गाऊन आले होते. परंतु ज्या ऑक्टोबरात सन सिटीत दिवे झगमगत होते, त्या वेळी नेल्सन मंडेला यांच्या तुरुंगवासाला बावीस वर्षे झाली होती. अशा ठिकाणी ‘आम्ही राजकारण करीत नाही’ असे म्हणणे हेच राजकारण ठरते, आणि ते सत्ताधाऱ्यांच्या पथ्यावर पडते.

याच्या उलट उदाहरण आपल्या देशाने घालून दिले आहे. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होय, आणि ते 1946 साली, म्हणजे स्वातंत्र्य मिळण्याच्या आधी. 1974 साली डेव्हिस चषक टेनिस स्पर्धेत भारत अंतिम फेरीत पोहोचला होता. समोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने सामना खेळण्यास नकार दिला आणि चषक सोडून दिला. अमृतराज बंधूंसारख्या खेळाडूंच्या उमेदीच्या वर्षांतील ती संधी होती. बहिष्काराची किंमत कोणाला तरी मोजावीच लागते. प्रश्न एवढाच की, ती कोण स्वीकारतो.

सातारा-सांगलीच्या मातीला हा वाद नवा नाही. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता, आणि याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार नांदले. वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी डफावर थाप मारताना गाणे कोणासाठी, हा प्रश्न केव्हाच निकालात काढला होता. पाचगणीत पियानो शिकलेल्या मुलाला त्या डफाचा आवाज ऐकू आला नसावा. शाळेच्या भिंती काही आवाज आत येऊ देतात, काही देत नाहीत.

परंतु त्याच माणसाचे दुसरे एक मौन आहे, आणि त्याला पहिल्याच्या मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल.

फ्रेडी आपल्या हिंदी पारशी मुळांविषयी जाहीरपणे फारसे बोलत नसे. ज्या वर्षांत तो लंडनमध्ये जम बसवू पाहत होता, त्याच वर्षांत, 1968 साली, एनॉक पॉवेल यांचे स्थलांतरितांविरुद्धचे कुप्रसिद्ध भाषण झाले, आणि त्याच वर्षी पूर्व आफ्रिकेतील हिंदी लोकांची वाट अडविणारा कायदा ब्रिटिश संसदेने घाईघाईने संमत केला. 1970 च्या सुमारास बुलसाराचा मर्क्युरी झाला. पुरुषांवरील आपल्या प्रेमाविषयीही तो उघड बोलला नाही. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंध 1967 पर्यंत गुन्हा होता. कायदा बदलला तरी कुचेष्टा थांबली नव्हती. पुढे एड्सने त्याला गाठले. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार लंडनमधील त्याच्या घराबाहेर तळ ठोकून बसले. 23 नोव्हेंबर 1991 रोजी त्याने आपल्याला एड्स झाल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी, पंचेचाळीसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. अंत्यसंस्कारात पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या. जे मूळ आयुष्यभर झाकलेले राहिले, ते अखेरच्या प्रवासात असे सोबतीला आले.

हे मौन भीतीचे होते, आणि ती भीती निराधार नव्हती. आपल्याकडे 1989 साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही विषाणू आढळताच सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली त्याला पोलिसांकरवी उचलून एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस डांबून ठेवण्यात आले. आजारी माणसाला गुन्हेगार ठरविणारा समाज त्याच्याकडून स्पष्टवक्तेपणाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार?

तेव्हा ही भीती घालविण्याचे काम कोणी केले? त्यातले मोलाचे काम याच सांगलीत झाले आहे. फ्रेडीच्या मृत्यूनंतर क्वीनच्या उरलेल्या सोबत्यांनी 20 एप्रिल 1992 रोजी वेम्बलीच्या मैदानावर स्मृतिसोहळा केला. त्यातून एड्सविरोधी कार्यासाठी विश्वस्त निधी उभा राहिला. त्याच 1992 साली सांगलीच्या गोकुळनगरात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये संपदा ग्रामीण महिला संस्थेचे, म्हणजे ‘संग्राम’चे काम सुरू झाले. मीना सेशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट ओळखली. या स्त्रियांना रोगाचे उगमस्थान मानून धाक दाखविण्याने साथ आटोक्यात येणार नाही. रोग रोखण्याचे काम त्यांच्याच हाती दिले पाहिजे. त्या स्त्रियाच निरोध वाटू लागल्या, एकमेकींना आजाराची माहिती देऊ लागल्या, पोलीस आणि गुंड यांच्यापुढे एकजुटीने उभ्या राहू लागल्या. 1996 साली त्यांची स्वतःची संघटना झाली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद. या स्त्रियांनी आपल्या जगण्यावर नाटक बसविले आणि स्वतःच्या भूमिका स्वतःच केल्या. ज्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तिच्या नाट्यपरंपरेला शोभणारीच ही गोष्ट आहे.

पुढे अमेरिकी सरकारने एड्सविरोधी मदतीसाठी एक अट घातली: मदत घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाच्या विरोधाची प्रतिज्ञा केली पाहिजे. ज्यांच्याबरोबर काम करायचे त्यांचाच धिक्कार लिहून देणे ‘संग्राम’ला मान्य नव्हते. 2005 साली संस्थेने तो पैसा नाकारला. लंडनच्या ख्यातनाम वाद्यवृंदाला सन सिटीत जे साधले नाही, ते गोकुळनगरात साधले. पाचगणीचे बेल-एअर रुग्णालयही येथे आठवते. क्षयरोग्यांसाठी स्थापन झालेले, पुढे रेडक्रॉसकडे गेलेले हे रुग्णालय एड्सग्रस्तांच्या शुश्रूषेसाठीही नावाजले. ज्या गावात फ्रेडी शिकला, त्याच गावात अशा रुग्णांना आसरा मिळाला.

क्वीनच्या वाटचालीतील आणखी एक घटना सांगितल्याविना हा विषय पुरा होत नाही. 29 नोव्हेंबर 2003 रोजी केपटाउन येथे एड्सविरोधी जागृतीसाठी मोठा संगीत सोहळा झाला. त्याचे नाव होते 46664. तो मंडेला यांचा तुरुंगातील क्रमांक. ब्रायन मे आणि रॉजर टेलर त्या सोहळ्याच्या आघाडीवर होते. ज्यांनी एकेकाळी बहिष्कार मोडला, त्यांना मंडेलांनी दूर लोटले नाही, कामाला लावले. पुढे जानेवारी 2005 मध्ये मंडेलांचा मुलगा मकगाथो वारला, तेव्हा तो एड्सने वारल्याचे त्यांनी स्वतः जगाला सांगितले. त्या एका वाक्याने किती घरांतील कुजबूज थांबली असेल!

तेव्हा मौन दोन प्रकारचे असते. एक समर्थाचे, जो बोलू शकतो पण बोलणे तोट्याचे म्हणून गप्प बसतो. त्याचा जाब विचारलाच पाहिजे. दुसरे भेदरलेल्याचे. त्याला जाब विचारायचा नसतो; त्याची भीती दूर करायची असते. 2017 च्या एचआयव्हीविषयक कायद्याने नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभावास बंदी केली आणि रुग्णाच्या संमतीविना त्याचा आजार उघड करण्यासही मनाई केली. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. म्हणजे गप्प राहण्याचा हक्कही मिळाला आणि उघड जगण्याचाही.

परंतु कायदा सरकारी राजपत्रात असतो आणि भीती गावात, गल्लीत असते. तपासणीचा कागद खिशात दडवून सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत उभा राहणारा माणूस आजही आहे. तो बोलला नाही म्हणून त्याला भित्रा म्हणू नये. तो बोलला तर त्याचे घरभाडे, त्याची नोकरी, त्याच्या मुलीचे लग्न सुरक्षित राहील, एवढी हमी ज्या वस्तीत कार्यकर्ते उभी करतील, त्या वस्तीत मौन आपोआप सुटेल.