सरपण: मृगाआधी वाळवा, दाव्यात लिहा

(माघातल्या पाड्यांच्या एकत्र बैठकीत संघटनेच्या वतीने केलेलं भाषण. जे भट्टीवर गेले आहेत आणि ज्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



सकाळपासून प्लॉटांवर बोलणं झालं. मोजणी, पंचनामा, कुणाचा कागद कुठे अडकला, सगळं झालं. आता सरपणावर बोलायचं म्हटल्यावर मागचे चार गडी विडी ओढायला उठले. बसा भाऊ, हे फक्त बायांचं बोलणं नाही. सामूहिक हक्काचा दावा भरताना आपल्याला मोह आठवतो, डिंक, टेंभुर्णीचा पाला, चराई, नदीतले मासे आठवतात. सरपण राहून जातं. रोज लागतं ना, म्हणूनच राहून जातं.

आधी ओझ्याचं बोलू. नुकतं तोडलेलं लाकूड म्हणजे बऱ्याच झाडांत जवळपास निम्मं पाणी. पंचवीस किलोचा ओला भारा डोक्यावर घेतला की त्यातलं दहा-बारा किलो पाणीच आपण डोंगरावरून घरी आणतो. विहिरीचं पाणी वेगळं, हे वेगळं! आणि चुलीत घातल्यावर आधी ते पाणी आटतं, मग भाकरीला जाळ लागतो. तोवर घरभर धूर, म्हातारीचे डोळे गळतात, पोर खोकतं. म्हणजे ओलं लाकूड जास्त तोडावं लागतं, जास्त वाहावं लागतं आणि कमी शिजवतं. "आदिवासी हिरवं जंगल तोडून जाळतात" असं जे बाहेर बोलतात त्यांनी एकदा ओल्या ऐनावर भात शिजवून बघावा.

आपल्या आज्या हिरव्या झाडाला हात लावत नव्हत्या. आकडी घेऊन जायच्या, वाळलेली फांदी ओढायच्या, पडलेलं वेचायच्या. राबासाठी फांद्या उतरवल्या तर पाला आणि काटक्या राबाला, मनगटाएवढं ते चुलीला. आपल्यातल्या तरण्यांना यातलं अर्धं माहीत नाही, म्हणून सांगतो. धावडा, ऐन, खैर यांचा निखारा टिकतो, रात्री राखेत पुरला तर सकाळी फुंकर मारून पेटतो. पळस, पांगारा, सावर भराभरा जळतात आणि राख होतात, त्यांच्यावर पावसाळा काढता येत नाही, पेटवणीला ठीक. बिब्ब्याचं लाकूड चुलीत घालायचंच नाही, त्याच्या चिकाने आणि धुरानेही अंग सुजतं.

वाळवायची रीत अशी. साल पाणी अडवते, लाकूड वाळतं ते टोकांकडून आणि फोडलेल्या अंगाने. मनगटाएवढी फांदी तशीच ठेवली तरी चालते, मांडीएवढा ओंडका मात्र उभा फोडायलाच हवा, आणि तोही आणल्याबरोबर. धावडा एकदा वाळला की कुऱ्हाडीला दाद देत नाही, मग गडी घाम पुसत बसतात. रचताना खाली दगड किंवा दोन आडवी लाकडं घाला, नाहीतर वाळवी तळापासून चढते. मधे फटी ठेवा, वारा फिरला पाहिजे. पण फटीत हात घालू नका! फुरसं आणि विंचू तिथेच बसतात. काठीने हलवून वरचं आधी काढायचं. वळवाचा पाऊस यायच्या आत वरून पेंढा नाहीतर पळसाची पानं टाका, बाजू उघड्या ठेवा. चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं की आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. वाळलं की नाही ते बघायला दोन लाकडं एकमेकांवर आपटा. खणकन वाजलं, टोकाला भेगा दिसल्या, हाताला हलकं लागलं, म्हणजे झालं. पडवीतलं आधी संपवायचं, चुलीवरच्या माळ्यावरचं आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीसाठी राखायचं.

हे सगळं दिवाळीनंतर करायचं काम आहे, आणि दिवाळीनंतर आपला अर्धा पाडा वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर असतो. माणसं परत येतात तेव्हा हातात आठ-पंधरा दिवस. घर शाकारायचं की बी बघायचं की सरपण आणायचं? मग भर पावसात ओली फांदी तोडली जाते, आणि नाक्यावर तीच बाई अडवली जाते. असंच झालं आपल्याकडे गेल्या पावसात. कोयता हिसकावला, पैसे घेतले, पावती दिली नाही. म्हणून आमचं म्हणणं आहे की जे पाड्यात राहिलेत त्यांनी भट्टीवर गेलेल्यांच्या आणि एकट्या म्हाताऱ्यांच्या अंगणात घरटी एकेक भारा रचून ठेवावा. लग्नाला लाकूड देतोच ना आपण सगळे मिळून? तसंच.

आता कायदा. वनहक्क कायदा 2006 चा, नियम 1 जानेवारी 2008 पासून लागू. कलम 3 मध्ये निस्ताराचा हक्क आहे, मग त्याला कुठल्याही नावाने ओळखत असोत. निस्तार म्हणजे घरच्या गरजेला जंगलातून जे आणतो ते, सरपण त्यात आलंच. जुन्या संस्थानांतले हक्कसुद्धा त्यात धरले आहेत. जव्हारकडच्यांनी हे नीट ऐका, तुमच्याकडे 1948 पर्यंत संस्थान होतं, तेव्हा लाकूड कुठून आणायचे ते म्हाताऱ्यांना विचारा. गौण वनोपजाच्या व्याख्येत झाडोरा आणि तोडलेल्या झाडांची खोडकी आहेत, इमारती लाकूड नाही. तेव्हा सरपणाच्या नावावर सागाचा सोट कुणी आणला तर संघटना त्याच्या मागे उभी राहणार नाही. मीठ-मिरचीसाठी भारा विकणारी बाई वेगळी आणि रात्री टेम्पो भरणारा वेगळा, यातला फरक ग्रामसभेने करायचा. कलम 5 ने तो अधिकार ग्रामसभेला दिला आहे. पोकळ झालेली उभी वाळकी झाडं काही राखून ठेवायची, त्यात पोपट आणि धनेश घर करतात, हाही नियम ग्रामसभाच करू शकते.

दाव्यात नुसतं "सरपण" असा एक शब्द लिहून भागणार नाही. कुठल्या टेकडीवरून, कुठल्या ओहोळाच्या काठाने, कुठल्या महिन्यात, कुठल्या झाडांचं, हे लिहा. जागांची आपली नावं लिहा, नकाशावर नसली तरी. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब चालतो. कुणाकडे दंडाची जुनी पावती असेल तर फाडू नका, आपण तिथे जात होतो हे त्यात सरकारनेच लिहून दिलंय.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्यातून सरपणाला जाणाऱ्या दोन बाया आणि एक म्हातारं माणूस येऊ द्या. नकाशा जमिनीवर राखेने काढू, मग कागदावर उतरवू. वन हक्क समितीतल्या गड्यांनी लिहायचं, सांगायचं बायांनी.