बाळाने सोबत आणलेलं नाव

नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांत बाळाचं बारसं परंपरेने आठव्या दिवशी होतं. बाळाच्या ओठांना मध, मीठ, पाणी लावतात आणि नाव उच्चारतात. काही नावं मात्र शोधावी लागतच नाहीत. बाळ ती स्वर्गातूनच घेऊन येतं, अशी श्रद्धा आहे. जुळ्यांत आधी जन्मतो तो तायवो, म्हणजे जगाची चव घेणारा. मागून येतो तो केहिंदे. पण थोरला मानतात केहिंदेलाच! त्यानेच तायवोला पुढे पाहणीला धाडलं, असं योरुबा सांगतात. आजोबा गेल्यावर जन्मलेला नातू बाबातुंदे, म्हणजे बाबा परत आले. आजीनंतरची नात येतुंदे.

मन हलवून टाकतात ती, मुलं जगत नसलेल्या घरातली नावं. तेच मूल पुन्हापुन्हा येतं आणि जातं, असं मानून त्याला आबिकू म्हणतात. मग नाव ठेवतात मालोमो, ‘आता पुन्हा जाऊ नकोस’. किंवा दुरोजाइये, ‘थांब, आयुष्याचा आनंद घे’. आईची प्रत्येक हाक ही विनवणीच असते.

१९८६ चं साहित्याचं नोबेल मिळालेले वोले सोयिंका योरुबाच. वोले हे ओलुवोले या नावाचं लघुरूप. त्याचा अर्थ, ‘देव घरात आला’.