परक्या खजिन्याचा पैसा आणि गावाचे पासबुक
(व्याख्यानमालेतील व्याख्यान)

१९७२च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या माणसांनी रस्त्यांची खडी फोडली, रेशनवरचा लाल मिलो शिजवला आणि पोरांना सुकडी खाऊ घातली. मिलो परदेशातून जहाजाने आला होता. त्याने जीव वाचले आणि ती गोष्ट लहान नव्हती. पण कामे थांबली तेव्हा बहुतेक गावांचा माथा होता तसाच उघडा होता. पुन्हा पाऊस रुसला की तीच माणसे मुकादमापुढे उभी राहणार, हेही उघड होते.

एका देशाच्या सरकारने करदात्यांचा पैसा दुसऱ्या देशातल्या गावांसाठी द्यावा, तो स्वयंसेवी संस्थांच्या हातून खर्च व्हावा आणि पैसा थांबल्यावरही गाव मागे जाऊ नये, हे कसे साधते? जगभरच्या परिषदांतून या प्रश्नावर बोलले जाते. त्याचे एक चांगले उत्तर मात्र आपल्याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांच्या डोंगरउतारांवर खोदलेले आहे.

या कामामागचे मोठे नाव फादर हर्मन बाखर यांचे. १९२४ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि त्यांची उमेदीची वर्षे नगर जिल्ह्यात गेली. साठच्या दशकात त्यांनी अहमदनगरला सोशल सेंटर उभे केले. विहिरी, इंजिने, शेतीची कर्जे अशी कामे झाली. पण विहीर खोल गेली तरी तिच्यात पाणी यायला वर माथ्यावर मुरावे लागते, हे दुष्काळाने शिकवले. नगर तालुक्यातल्या पिंपळगाव वाघा येथे सोशल सेंटरने पाणलोटाचे काम हाती घेतले. पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांचे काम १९७५पासून चालू होतेच. एका गावात जमते, मग शंभर गावांत का जमू नये, असा बाखर यांचा प्रश्न होता. शंभर गावांचा खर्च देणग्यांतून निघण्यासारखा नव्हता. तिथे सरकारी तिजोरीच लागणार होती.

ही तिजोरी जर्मनीची होती. जर्मन सरकारच्या वतीने मदतीचा पैसा देणाऱ्या केएफडब्ल्यू बँकेचा जन्मच मदतीतून झालेला. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेला देश पुन्हा उभारण्यासाठी ती १९४८ साली स्थापन झाली आणि अमेरिकेच्या मार्शल योजनेचा निधी तिच्यामार्फत वापरला गेला. पुढे तोच देश देणारा झाला. १९६१ साली तिथे विकास सहकार्याचे स्वतंत्र मंत्रालय निघाले. १९६२ साली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चनी सरकारी पैसा स्वीकारण्यासाठी एकेक केंद्रीय संस्था काढली. त्या व्यवस्थेत सरकार निधी देते, प्रकल्प संस्था निवडतात, आणि धर्मकार्यासाठी त्यातला पैसा वापरता येत नाही. सरकारी पैसा घेऊनही संस्थेचा निर्णय संस्थेकडे राहू शकतो, याचा तो जुना नमुना आहे.

भारतात मात्र वेगळी वाट निवडली गेली, आणि या साऱ्या कहाणीतला शिकण्यासारखा भाग हाच आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम महाराष्ट्रात सुरू झाला. दोन सरकारांतला करार, केएफडब्ल्यूचे अनुदान, आणि पैसा हाताळणार नाबार्ड, म्हणजे शेती व ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक. गावांची तयारी करून घेण्यासाठी १९९३ साली बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटर ही संस्था स्थापन केली. तयारीच्या टप्प्याला जर्मनीच्या जीटीझेड या तांत्रिक सहकार्य संस्थेचे साहाय्य होते. नाबार्डचा पैसा गावच्या पाणलोट समितीच्या आणि स्थानिक संस्थेच्या संयुक्त खात्यात उतरे. दोघांच्या सह्यांशिवाय रुपया निघत नसे. गावच्या माणसांनी मस्टर वाचावे, मोजमाप पाहावे, बिल तपासावे अशी अपेक्षा होती.

पैशाआधी अटी होत्या. गावाने चार दिवस श्रमदान करून दाखवायचे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ग्रामसभेत ठरवायची. पाणी पिणारी पिके आणि नव्या बोअरवेल यांना आवर घालायचा. मग सुमारे शंभर हेक्टरवर प्रत्यक्ष काम करून आपली क्षमता सिद्ध करायची, आणि त्यानंतर पूर्ण प्रकल्पाची मंजुरी. अकुशल मजुरीच्या १६ टक्क्यांइतका वाटा गावाने उचलायचा; भूमिहीन आणि एकट्या बाईवर चालणाऱ्या घरांना त्यातून सूट. या वाट्यातला भाग देखभाल निधीसाठी बाजूला ठेवायचा.

आराखडाही कचेरीत बसून होत नसे. गटागटाने शेतावर जायचे, नवरा-बायको दोघांनी बांधावर उभे राहायचे, चर कुठे, बांध कुठे, झाड कोणते हे त्यांच्यासमोर ठरायचे. बाईला शेताबद्दल विचारले जाणे हीच अनेक घरांत नवी गोष्ट होती. पुढे बचत गटांतून संयुक्त महिला समित्या उभ्या राहिल्या. माथ्यावर सलग समतल चर, मधल्या उतारावर बांधबंदिस्ती, ओघळींत दगडी बांध आणि शेवटी नाल्यावर बंधारा, हा माथा ते पायथा क्रम काटेकोर पाळला गेला. खालचा बंधारा आधी बांधून फोटो काढण्याचा मोह टाळणे, हेच या कामाचे निम्मे शहाणपण.

दरेवाडीत १९९६ ते २००१ हे काम झाले. साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचे हे गाव उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसे. कामानंतर टँकर थांबला. शेतीत वर्षाकाठी तीन-चार महिने मिळणारे काम नऊ-दहा महिन्यांवर गेले. २००५च्या ‘वर्ल्ड रिसोर्सेस’ अहवालात या गावावर स्वतंत्र टिपण आले.

त्या यशाची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. चराईबंदीने गवत वाढले, पण शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या घरांना पहिली काही वर्षे जनावरे विकावी लागली. मुरलेले पाणी ज्याच्या विहिरीत उतरले त्याचे उत्पन्न वाढले. ज्याला जमीनच नाही त्याच्या वाट्याला मजुरी आली. देणाऱ्याच्या अहवालात हेक्टर आणि घनमीटर मावतात, मेंढपाळाची ती वर्षे मावत नाहीत. पैसा परक्या सरकारचा असो वा आपल्या, हा हिशेब मांडण्याचे काम संस्थेचे असते, आणि ज्या संस्थेने ते केले नाही तिने आपले निम्मे कर्तव्य सोडले.

तरीही या प्रयोगाने एक दुर्मिळ गोष्ट साधली. १९९९-२०००च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाणलोट विकास निधीची घोषणा झाली आणि केंद्र सरकार व नाबार्ड यांच्या प्रत्येकी १०० कोटी रुपयांतून तो नाबार्डमध्ये उभा राहिला. महाराष्ट्रातला हा अनुभव त्याला आधार होता. परक्या पैशाने वाट मोकळी केली आणि देशाच्या पैशाने ती पुढे नेली. २००३ साली भारताने लहान देणाऱ्या देशांची थेट मदत नाकारली, तेव्हा मोजक्या अपवादांत जर्मनी राहिली.

आज हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण जगात घडते आहे. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने परकीय मदत गोठवली. मार्चमध्ये यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि १ जुलैला त्या संस्थेचे मदतकार्य बंद पडले. ब्रिटनने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्के असलेली मदत २०२७पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. संयुक्त राष्ट्रांनी १९७० साली ठेवलेले उद्दिष्ट ०.७ टक्क्यांचे आहे. आफ्रिकेत दवाखाने एका पत्राने बंद पडले. ज्यांचा औषधाचा साठा, पगार आणि हिशेब तिन्ही परक्या कार्यालयात होते, त्यांच्या हाती दुसऱ्या दिवशी काहीच उरले नाही.

आपल्याकडेही वाट अरुंद झाली आहे. परकीय अंशदान नियमन कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. परदेशी निधी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यावा, प्रशासनावर २० टक्क्यांहून अधिक खर्च होऊ नये आणि एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेकडे वळवू नये, असे बंधन आले. हिशेब चोख असावा याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण तालुक्याच्या छोट्या संस्थेला स्वतः परदेशी दात्यापर्यंत पोहोचता येत नाही. मोठ्या संस्थेचा हात धरूनच ती मोठी होते. तो हात सोडवणारा नियम ग्रामीण कामाला मारक आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा २०१४पासून आला खरा, पण त्याचा ओढा कारखान्याच्या आसपासच्या गावांकडे असतो. अकोले तालुक्याच्या डोंगरातली वाडी किंवा पाथर्डीचा माळ त्याला दूर पडतो.

फादर बाखर यांचे २०२१ साली स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. त्यांना जर्मन सरकारचा मोठा सन्मान मिळाला होता. पण गावांसाठी त्यांची खरी ठेव त्या संयुक्त खात्यात आहे. चर गाळाने भरतात, बांध फुटतात, आणि त्याच पाण्याच्या भरवशावर नव्या बोअरवेल खाली उतरतात. देखभाल निधी याच दिवसासाठी ठेवला होता. म्हणून श्रोतेहो, ज्यांच्या गावात पाणलोटाचे काम झाले आहे त्यांनी येत्या ग्रामसभेत उभे राहून तीन गोष्टी विचाराव्यात: देखभाल निधी किती आहे, पासबुकावर कोणाच्या सह्या आहेत, आणि चर शेवटचे कोणत्या वर्षी साफ केले.